ब्लॉगसाठी विषय: दिनानाथ

मी ब्लॉग लिहिणार आहे, असं एका रविवारी जेवताना मी जाहीर केलं. त्यावर आमचे हे म्हणाले, "छान."

हे म्हणजे दिनानाथ. घरात मी त्यांना अहो म्हणते. नाव आजवर फक्त उखाण्यात घेतलंय, तेही बायका दार अडवून उभ्या राहिल्या म्हणून. पण इथे सारखं हे, ते, यांचं, त्यांचं करत बसले तर वाचणाऱ्याच्या डोक्याला ताप, म्हणून दिनानाथ. शिवाय पुढे जो गोंधळ झाला तो मी हे नाव लिहिल्यामुळेच झाला.

तर दिनानाथांचं छान. नवी साडी नेसले तरी छान, उद्या टँकर येणार नाही म्हटलं तरी छान. एकदा मी मुद्दाम सांगून पाहिलं की लिफ्टमध्ये बिबट्या शिरलाय. बिबट्यालाही छान मिळालं. माणूस वाईट नाही. निर्व्यसनी आहे, कधी आवाज चढवून बोललेला नाही, पगार होता तोवर पाकीट माझ्या हातात. पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि ते मी लग्न झाल्यापासून ओततेय.

तुर्भ्याच्या एका औषध कंपनीत मी नोकरी केली. गोळ्यांच्या खोक्यात बारीक अक्षरांचा, दहा घड्या घातलेला कागद असतो, तो छापायला जाण्याआधी तपासायचं माझं काम. एवढ्या काळजीने लिहिलेलं आणि एवढ्या निष्ठेने न वाचलेलं जगात दुसरं काही नसेल. लोक घडीसुद्धा उलगडत नाहीत. कपाटाचा पाय डुगडुगत असला तर तेवढा त्याचा उपयोग होतो. निवृत्त झाल्यावर मला वाटलं, आता आपण स्वतःचं काहीतरी लिहावं आणि ते कोणीतरी वाचावं. कोणीतरी हे मी लाजेकाजेस्तव म्हणते. मला ते दिनानाथांनी वाचायला हवं होतं. बोललेलं कानात शिरत नाही, तर निदान लिहिलेलं डोळ्यांतून आत जाईल, एवढा साधा हिशोब होता.

दिनानाथ माझ्या आधी निवृत्त झाले होते. न्हावाशेव्याला माल सोडवून देणाऱ्या एका फर्ममध्ये त्यांची नोकरी. जहाज लागलं की घरी यायची वेळ नाही, आणि तिथे जहाज रोजच लागतं. आता मात्र करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर असतात, खुर्चीत, हातात मोबाइल. माणूस घरी आला, पण माझ्या वाट्याला आला नाही.

आमचा मुलगा अभिराम ऐरोलीत कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट आहे. म्हणजे काय करतो ते मी त्याला अनेकदा विचारलंय आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आलंय. तो आणि सूनबाई क्षिप्रा दर रविवारी येतात. ब्लॉगचं ऐकल्यावर त्याने जेवण अर्धवट टाकून लॅपटॉप उघडला. त्याच्या लहानपणी अभ्यासासाठी मी हे दृश्य बघायला तरसले होते.

त्याने विचारलं, नीश काय. मी विचारलं, ते काय असतं. नीश म्हणजे आपला एकच ठरलेला कोपरा, असं तो म्हणाला. कोपरा धरायचा आणि तिथेच बसायचं. मी म्हटलं, मला सगळ्यावरच लिहायचंय. कोपरखैरण्याला राहत होतो तेव्हाच्या चाळवजा रो-हाऊसवर, सुकट भाजताना शेजारणींच्या नाकांवर, लग्नात अहेर परत फिरवणाऱ्या लोकांवर.

"आई, सगळ्यावर लिहिणाऱ्याला कोणीच वाचत नाही," अभिराम म्हणाला.

"आणि एकावर लिहिणाऱ्याला?"

"त्यालाही नाही. पण त्याला ऑडियन्स असतो."

मग त्याने एक्सेल उघडलं. आवड, अनुभव, मागणी असे तीन रकाने केले. पत्रिका जुळवतात तसे माझे आणि विषयांचे गुण जुळवायचे होते. क्षिप्रा लगेच म्हणाली की आईंसाठी रेसिपीज. या मुलीने लग्न झाल्यापासून माझ्या हातची आमटी कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलेली नाही, पण साऱ्या महाराष्ट्राने ती करावी असं तिला मनापासून वाटत होतं. बाई, साठी उलटलेली आणि घरी बसलेली, म्हणजे हिला पोळपाट द्या, हे शास्त्र अजून बदललेलं नाही. फक्त पोळपाटाचा फोटो काढायचा ही नवी भर.

मी अळूवड्या केल्या. क्षिप्राने फोनवरून सांगितलं की लाकडी पाटावर मांडा, खिडकीतल्या उजेडात ठेवा आणि वरून तीळ भुरभुरवा. आमच्या खिडकीत समोरच्या नव्या टॉवरची सावली असते. उजेड येईपर्यंत वड्या गार झाल्या आणि उजेड आला तेव्हा पुढची ओळ दिनानाथांनी खाऊन टाकली होती. विचारलं तर छान म्हणाले. रेसिपीच्या आधी त्या पदार्थाची बालपणीची आठवण लिहावीच लागते, असाही एक नियम निघाला. अळूवडीची माझी एकच आठवण आहे, घसा खाजल्याची. ती लिहिली तर अभिराम म्हणाला, हे नेगेटिव्ह वाटतं.

पुढचा विषय आरोग्य. त्यात माझा अनुभव भरपूर म्हणून गुण चांगले पडले. मी हळदीच्या दुधावर लिहिलं, सवयीने जसं लिहिता येतं तसं. क्वचित मळमळ, पोटफुगी किंवा अंगावर पुरळ संभवते. गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. घेतल्यानंतर अवजड यंत्रे चालवू नयेत. हे शेजारच्या स्मिताला वाचून दाखवलं. ती रोज रात्री हळदीचं दूध पिऊन झोपते. दुसऱ्या दिवसापासून तिची झोप उडाली आणि तिचा नवरा माझ्याशी बोलेनासा झाला.

स्मिताचंच मत होतं की व्रतवैकल्यांवर लिहा, मागणी बारा महिने असते. पण संकष्टीला चंद्र उगवायच्या आत मी बिस्कीट खाते हे तिला माहीत असल्याने तिने फार ताणलं नाही. मुलांना कसं वाढवावं हा विषय अभिरामने स्वतःच काढला आणि नमुना म्हणून कोणाकडे बोट दाखवलं जाईल हे ध्यानात येताच स्वतःच खोडला. प्रवास, बागकाम, जुनी भांडी, गुडघेदुखी. एक्सेल खाली खाली जात राहिलं आणि ब्लॉगवर एक ओळही चढली नव्हती. लग्नाळू मुलाला स्थळं बघता बघता टक्कल पडावं, तशी माझी हौस विरळ होऊ लागली होती.

शेवटी एका रविवारी अभिराम वैतागून म्हणाला, "आई, सोपं आहे ना. असा एक विषय सांग ज्यात तुझ्याएवढा अनुभव जगात दुसऱ्या कोणाकडेच नाही. आणि वर्षभर लिहिलंस तरी संपणार नाही."

मी समोर पाहिलं. विषय खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन घोरत होता.

मी लॅपटॉप ओढला आणि शेवटच्या ओळीत लिहिलं, दिनानाथ. आवड, दहापैकी सहा. अनुभव, दहापैकी दहा. मागणीचा रकाना मोकळा सोडला. अभिरामने ते दोनदा वाचलं. हा विषय नाही, ही तक्रार आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. मग त्याने विचारलं, ऑडियन्स किती धरायचा.

"एक," मी म्हटलं.

"एक लाख?"

"एक माणूस. तेवढा पुरे."

त्याने क्षिप्राकडे पाहिलं, क्षिप्राने छताकडे. पण पोराने ब्लॉग उघडून दिला हे खरं. शीर्षकात पूर्ण नाव टाक, गूगलला बरं पडतं, असंही सांगून गेला.

मग मी लिहायला बसले. ते काय काय करतात ते सगळं लिहिलं. पेपर मागच्या पानापासून वाचतात. आंबा चिरायच्या आधी त्याला कानाशी नेऊन हलवतात, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नाही. ढग नसताना छत्री नेतात आणि पाऊस आला की विसरून येतात. माझ्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसले होते, सकाळी मुलगा झाला सांगितलं तर नर्सला छान म्हणाले आणि मग बाहेर जाऊन रडले, हे मला त्या नर्सनेच सांगितलं. लिहिता लिहिता मला त्यांचा राग येत होता आणि त्याच ओळीत मायाही येत होती. दोन्ही तसंच राहू दिलं.

शेवटी मोऱ्याच्या लाँचवरची गोष्ट लिहिली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. उरणला त्यांच्या मामांकडे जेवायला गेलो होतो आणि येताना तिथल्या मोरा बंदराहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच घेतली, कारण मी समुद्र जवळून पाहिला नव्हता. आमच्या बाजूला एक कोळीण मोकळी टोपली मांडीवर घेऊन झोपली होती. मी सगळा धीर गोळा केला आणि मनातली एक गोष्ट त्यांना सांगितली. ते पाण्याकडे बघत म्हणाले, छान. मी एवढंच लिहिलं. पुढे लिहिलं की मी तेव्हा काय म्हणाले ते इथे सांगणार नाही, ज्याला हवं असेल त्याने मला विचारावं. कोणीच विचारलं नाही तर काय, याची भीती वाटत होती.

फोटो हवा होता. मोबाइलमध्ये मान न घातलेला दिनानाथांचा एकच फोटो घरात आहे, त्यांच्या निरोप समारंभाचा. अंगावर शाल, हातात नारळ, गळ्यात झेंडूचा जाड हार, आणि फ्लॅशमुळे डोळे अर्धवट मिटलेले. मी तोच टाकला. शीर्षक दिलं, दिनानाथ विष्णू पेडणेकर. पहिलं वाक्य होतं, दिनानाथ कधी कोणाला उलट बोलले नाहीत. बुधवारी सकाळी ते मासे आणायला पनवेलला गेले, मोबाइल चार्जिंगला लावून. ते यायच्या आत टाकावं म्हणून मी लिंक आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवली. सोबत एक शब्दही लिहिला नाही. लिंक स्वतःच बोलते, असं अभिरामने सांगितलं होतं.

आता साई पर्ल सोसायटीचा ग्रुप म्हणजे काय ते सांगते. तिथे रोज सकाळी शंभर जण एकमेकांना सुप्रभात करतात आणि लिफ्टमध्ये भेटले की आकडे बघत उभे राहतात. बी विंगमध्ये शिवराम जाधव म्हणून साताऱ्याकडचे एक गृहस्थ आहेत. मार्केटात कांद्याचा व्यापार करायचे, आता धंदा मुलगा बघतो आणि शिवराम ग्रुप बघतात. वाढदिवसाचा केक आणि श्रद्धांजलीची समई त्यांच्या मोबाइलमध्ये तयारच असते. कोणाच्याही सुखदुःखात पहिला नंबर त्यांचा.

पहिला निरोप त्यांचाच आला. त्यात भावपूर्ण असा शब्द दिसला आणि मी सुखावले. माझं लिखाण भावपूर्ण आहे, असं मला नोकरीत कोणी म्हणालं नव्हतं. त्या आनंदात पुढचा शब्द वाचायला थोडा उशीर झाला. तोवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. जोडलेले हात, समया, पांढरी कमळं, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. लिंकच्या चौकटीत हार दिसला, मिटलेले डोळे दिसले, नाव दिसलं, आणि वरच्याने हात जोडले म्हणून खालच्याने जोडले. लिंक कोणी उघडली नव्हती.

मी घाईघाईने लिहिलं, अहो, असं काही नाही, हे जिवंत आहेत. त्याखाली सी विंगमधल्या एका बाईंनी लिहिलं, अगदी खरंय काकू, ते आपल्या आठवणींत सदैव जिवंत राहतील. त्यावर पुन्हा हात जोडले गेले.

इतक्यात बेल वाजली. दारात स्मिता, फिकट साडी, कुंकू बारीक, हातात पिठल्याचं पातेलं. दुःखाच्या घरात चूल पेटवायची नसते म्हणून शेजाऱ्यांनी जेवण आणायचं, ही रीत पोरीने बरोबर पाळली होती. आत माझा कुकर शिट्टी देत होता. तिने आधी जाऊन तो गॅस बंद केला आणि मग माझ्या गळ्यात पडली.

"अगं, ते मासे आणायला गेलेत," मी म्हटलं.

"हो काकू," ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "तुम्ही रडून घ्या बघू."

मी तिला धरून सोफ्यावर बसवलं आणि पाणी दिलं. हळूहळू तिला पटलं. पटल्यावर ती जरा रागावलीच. म्हणाली, आम्हाला कसं कळणार. तुम्ही काकांचं नाव लिहिलंत. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून ते कधी ऐकलं नाही. तुमच्यासारखी बाई नवऱ्याचं सबंध नाव उघड लिहिते म्हणजे काय समजायचं. खरंच, नवऱ्याचं नाव आम्ही लग्नात एकदा घेतो आणि त्यानंतर थेट पेपरातल्या चौकटीत.

खाली पार्किंगमध्ये तोवर खुर्च्या आल्या होत्या. चेअरमनसाहेबांना सोसायटीतली गळती वर्षानुवर्षं दिसत नाही, पण शोकसभेसाठी त्यांनी अर्ध्या तासात मांडववाल्याला बोलावलं. एका खुर्चीवर पांढरा कपडा, त्यावर दिनानाथांचा फोटो छापून उभा केलेला, शेजारी उदबत्ती. घरून काम करणारी तरुण मंडळी कॅमेरे बंद करून खाली आली होती. मी आणि स्मिता लिफ्टमधून बाहेर पडलो आणि त्याच वेळी गेटमधून दिनानाथ आले, एका हातात बोंबलांची पिशवी, दुसऱ्यात छत्री.

त्यांनी खुर्च्या पाहिल्या, माणसं पाहिली, स्वतःचा फोटो पाहिला. मग फोटोजवळ जाऊन चष्मा सारखा केला आणि नीट बघितलं.

"छान," ते म्हणाले.

कोणीतरी किंचाळेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. लोकांच्या तोंडावर आनंदापेक्षा गैरसोय जास्त दिसत होती. रजा टाकलेली, मीटिंग बुडवलेली, शिवरामांनी हार घेऊन ठेवलेला. चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले की पुढच्या वेळी निदान आधी कळवत जा. काय कळवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मांडववाला खुर्च्या परत न्यायला संध्याकाळशिवाय येणार नव्हता, म्हणून शोकसभेचा ज्येष्ठ नागरिक सत्कार झाला. फोटो उचलला आणि त्या खुर्चीवर दिनानाथांना बसवलं. उदबत्ती तशीच राहिली, ती मात्र बोंबलांमुळे कामी आली.

भाषणं तयार होती, ती वाया कशी घालवणार. एकाने त्यांना अजातशत्रू म्हटलं, दुसऱ्याने हसतमुख. तिसरा म्हणाला की पेडणेकर काकांनी मला अडचणीच्या वेळी मोलाचा सल्ला दिला. दिनानाथ त्याच्याकडे कुतूहलाने बघत होते, कारण त्याला ते पहिल्यांदाच भेटत होते. चेअरमननी वहिनींच्या अप्रतिम लेखाचा उल्लेख केला. मी खालून विचारलं, त्यातलं काय आवडलं. ते म्हणाले, सगळंच. टाळ्या झाल्या, हार झाला. दिनानाथ प्रत्येकाला मान लववून जे म्हणायचं ते म्हणत होते.

दुपारी अभिरामचा फोन आला. त्याच्या कोणा मित्राने त्याचं सांत्वन केलं होतं, त्यामुळे आधी घाबरून बाबांची चौकशी केली. बाबा जेवतायत म्हटल्यावर दुसऱ्या श्वासाला तो आकड्यांवर आला. आमची बातमी करंजाड्याच्या सगळ्या सोसायट्यांत फिरली होती. मेलेला माणूस मासे घेऊन आला म्हटल्यावर लोकांनी शेवटी लिंक उघडली होती. शेकड्याने माणसं येऊन गेली होती. सरासरी चार सेकंद थांबली होती, पण ते सोड, असं तो म्हणाला.

"आई, आपल्याला नीश मिळालंय," त्याचा आवाज थरथरत होता. "श्रद्धांजली. मागणी कधी कमी होणारच नाही."

"तू वाचलास का रे लेख?" मी विचारलं.

त्याने वीकेंडला निवांत वाचणार असल्याचं सांगितलं.

मागणी तर दारातच येऊन उभी राहिली. चारच्या सुमारास शिवराम वर आले, स्वतःचा फोटो घेऊन. कुठल्याशा लग्नातला, फेटा बांधलेला.

"वहिनी, आमचं बी एक लिवून ठिवा," ते म्हणाले. "आत्ताच. मागनं कोन काय लिवतंय, काय भरवसा हाय?"

मला त्यांची दया आली. तुमच्याबद्दल काहीतरी सांगा, असं मी म्हटलं. ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, अजातशत्रू लिवा. मी विचारलं, तुम्ही यांच्यावरचं वाचलंत का. शिवराम प्रामाणिक माणूस. म्हणाले, ते उघडायचं असतंय व्हय.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सकाळी स्मिता ज्याची वाट बघत होती ते रडणं असं दुपारी आलं. शंभर जणांनी हात जोडले, शेकड्याने लोक येऊन गेले, आणि लाँचवर मी काय म्हणाले हे एकाही माणसाला जाणून घ्यावंसं वाटलं नाही. माझ्या पोटच्या पोराला नाही. खोक्यातला कागद आणि मी, दोघांचं नशीब एकच, एवढं कळलं. नाक पुसलं आणि बोंबलांना मीठमसाला लावायला घेतला.

संध्याकाळी अभिरामचा पुन्हा फोन. ब्लॉगवर एकच जण कधीपासून बसून आहे, जात नाही आणि पुढेही सरकत नाही, असं त्याला दिसत होतं. बहुतेक बॉट असेल, म्हणजे माणूस नाही, यंत्र, काळजी करू नकोस, असं म्हणून त्याने ठेवला.

मी हात धुतले आणि बाहेर पाहिलं. दिनानाथ बाल्कनीत बसले होते, गळ्यात शिवरामांचा हार तसाच, मोबाइल नाकाशी धरलेला. ओठ हलत होते. लहान मूल पुस्तक वाचतं तसे एकेक शब्द लावत ते वाचत होते. मी पुन्हा ओट्याशी येऊन तवा तापत ठेवला.

पहिले बोंबील तव्यात टाकले तेव्हा ते आत आले. फ्रिजला टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता छान म्हणतील, आणि म्हणाले तर हातातलं उलथनं मी कुठे मारेन ते मलाच सांगता येत नव्हतं.

"लाँचवर तू काय म्हणाली होतीस?" त्यांनी विचारलं.

मी बोंबील उलटले.

"तुम्ही छान म्हणालात," मी म्हटलं.

"इंजिनाचा आवाज होता. काही ऐकू आलं नाही. परत विचारायची लाज वाटली. मग रोजचीच सवय झाली."

मी गॅस बारीक केला. इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य तोंडात आल्यावर फारच लहान वाटलं.

"म्हटलं होतं, संध्याकाळी लवकर घरी येत जा. मला एकटीला करमत नाही."

त्यांनी हार काढून फ्रिजवर ठेवला, शर्ट घातला आणि चपला पायात सरकवल्या. मी विचारलं, आत्ता कुठे निघालात. येतो, एवढंच म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

माझं डोकं फिरलं. एवढं ऐकून हा माणूस फिरायला गेला. मी तवा उतरवून बाल्कनीत गेले आणि खाली पाहिलं. दिनानाथ गेटमधून बाहेर पडले. शिवरामांनी काहीतरी विचारलं, त्यांनी हात हलवला. रस्त्याने चालत कोपऱ्यावरच्या बंद गाळ्यांपर्यंत गेले. तिथे थांबले, घड्याळात पाहिलं आणि तसेच मागे वळले.

बेल वाजली. किल्ली त्यांच्या खिशात असते, तरी त्यांनी बेल वाजवली. मी दार उघडलं.

"लवकर आलो," ते म्हणाले.

मला रडू फुटत होतं आणि हसूही येत होतं, आणि ब्लॉग लिहिणाऱ्या बाईला त्या वेळी एक धड शब्द सुचला नाही.

"छान," मी म्हटलं.